घर हवे, पण कुठे आणि कुणाच्या नावावर?

(संस्थेच्या वर्षावास कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





वर्षावासात आपण धम्मग्रंथाचे वाचन करतो, पंचशीलाची उजळणी करतो. या वर्षी संस्थेने आमच्यावर थोडा वेगळा विषय सोपवला. भोर-वेल्हे भागातील एका लहान गावात बौद्धवाडीतील कुटुंबांसाठी नवी घरे बांधण्याचा प्रस्ताव आला आहे. त्याबद्दल तेथे राहणाऱ्या माणसांचे म्हणणे काय आहे, ते ऐकून आपल्यापुढे मांडावे, असे आम्हाला सांगण्यात आले. गावाचे नाव आम्ही मुद्दाम घेत नाही. प्रश्न अजून ग्रामसभेपुढे आहे, आणि बाहेरच्या सभेत नाव गाजले की गावात राहणाऱ्याला गावात वावरणे अवघड होते. शिवाय थोड्याफार फरकाने हीच गोष्ट या डोंगरपट्ट्यातल्या पुष्कळ वाड्यांची आहे.

प्रस्ताव थोडक्यात असा. सध्याची वाडी ओढ्यापलीकडे, गावठाणाच्या कडेला आहे. घरे जुनी, काही कौलारू, काही पत्र्याची. पावसाळ्यात भिंतींना ओल येते. ही वाडी सोडून रस्त्यालगतच्या सरकारी माळावर ओळीने घरकुले बांधावीत, असे पंचायतीच्या काही मंडळींचे म्हणणे आहे. आम्ही संस्थेचे चार-पाच कार्यकर्ते तीन रविवार वाडीत जाऊन बसलो. कुणाला शिकवायला गेलो नव्हतो, ऐकायला गेलो होतो.

प्रथम हे सांगितले पाहिजे की नवे घर नको, असे म्हणणारा एकही माणूस आम्हाला भेटला नाही. मतभेद आहे तो घराच्या जागेबद्दल, आणि तो मतभेद खरा आहे.

म्हातारी माणसे म्हणतात, आम्हाला इथून हलवू नका. एक आजी म्हणाल्या, "हितं आमच्या चार पिढ्या गेल्या. हितंच इहार बांधलं, वर्गणी काढून. त्या माळावर आमाला कोण वळखतं?" यात नुसते जुन्याचे प्रेम नाही. वाडीच्या मागे दोन-चार शेळ्या बांधता येतात, परसात भाजी होते, सरपण जवळ आहे. माळावरच्या ओळीत एका घराच्या भिंतीला दुसऱ्याची भिंत लागणार. शेळी कुठे बांधायची, हा त्यांचा प्रश्न कागदावरच्या नकाशात कुठेच नाही.

पुण्यात कामाला असलेली तरुण मुले नेमके उलट म्हणतात. कात्रज, धायरी, खेड-शिवापूर भागात ती कामाला जातात, शनिवारी रात्री घरी येतात. त्यांना रस्ता हवा. ओढ्याला पूर आला की वाडी तुटते, आजाऱ्याला खाटेवर घालून आणावे लागते. एक मुलगा म्हणाला, "तात्या, इहाराची आठवण मलाबी हाय. पण रातच्याला बाळंतीण अडली तर आठवण काय करणार?" त्याचेही खोटे नाही.

स्त्रियांशी वेगळे बसलो, तेव्हा बोलणे एकदम बदलले. जुनी जागा की नवी, यापेक्षा पाणी किती लांब, न्हाणी घराला लागून की बाहेर, चुलीचा धूर कुठून जाणार, हे त्यांनी विचारले. एका वहिनींनी सर्वांत मोलाचा प्रश्न विचारला : "घर कुणाच्या नावावर व्हनार?" तीन रविवारांत एकाही पुरुषाने हा प्रश्न काढला नव्हता.

आणि ज्यांच्याकडे कोणताच कागद नाही, अशी दोन-तीन कुटुंबे अगदी शेवटी बोलली. त्यांचे म्हणणे एवढेच : जुनी असो, नवी असो, ज्या जागेवर घर बांधाल तिथून उद्या कुणी उठवू नये.

बंधू-भगिनींनो, या मतांचा विचार करताना आपली वाडी गावाबाहेर का आहे, हे विसरून चालणार नाही. ती कुणी आवडीने निवडलेली जागा नव्हती. गावकीची कामे आपल्या पूर्वजांनी करायची, पण राहायचे मात्र वेशीबाहेर, अशी ती व्यवस्था होती. महार वतनाने थोडी जमीन दिली आणि तिच्या बदल्यात पिढ्यान्पिढ्यांची गुलामी घेतली. म्हणूनच परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. आपला भोरचा मुलूख तेव्हा संस्थानी होता. ८ मार्च १९४८ रोजी तो मुंबई प्रांतात विलीन झाला. कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली आला. वतन गेले, बलुते गेले, १९५६ च्या धम्मदीक्षेने मनातली वेस पडली. वाडी मात्र जिथे होती तिथेच राहिली.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्ह आहे. अनेक ठिकाणी नव्या नावांच्या पाट्याही लागल्या. पण पाटी बदलली म्हणून ओढ्यावर पूल होत नाही.

आता काही सुशिक्षित मंडळी असा मुद्दा मांडतात की बाबासाहेबांनीच स्वतंत्र वसाहतींची मागणी केली होती, मग माळावर आपली वेगळी वसाहत झाली तर बिघडले काय? या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायला हवे. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद झाली. तिथे स्वतंत्र गावांचा ठराव झाला, हे खरे. १९४७ साली संविधान सभेसाठी लिहिलेल्या निवेदनातही बाबासाहेबांनी ही मागणी मांडली. पण ती मागणी कशाची होती? पडीक सरकारी जमीन या लोकांना कसायला द्यावी, त्यासाठी वसाहत आयोग नेमावा, म्हणजे पोटासाठी गावावर अवलंबून राहण्याची पाळी येणार नाही, अशी ती मागणी होती. घराबरोबर शेत, शेताबरोबर स्वाभिमान. माळावर ओळीने खोल्या आणि कामाला पुन्हा त्याच गावात किंवा पुण्याच्या बांधकामावर, ही ती वसाहत नव्हे. ही जुनीच वाडी होय, फक्त विटा-सिमेंटची.

आणि हेही लक्षात घ्या की बाबासाहेबांनी स्वतःसाठी राजगृह बांधले ते दादरच्या हिंदू कॉलनीत. सर्वांच्या मधोमध, आणि पुस्तकांना भरपूर जागा ठेवून. वेगळे राहायचे तर स्वतःच्या बळावर, एकत्र राहायचे तर बरोबरीने, असा या दोन्ही गोष्टींचा अर्थ आम्ही घेतो. दुसऱ्याने कडेला सारावे आणि आपण त्याला वसाहत म्हणावे, हे दोन्हींत बसत नाही.

आता थोडे योजनेकडे वळू, कारण भावना कितीही खरी असली तरी घर कागदावर उभे राहते.

इंदिरा आवास योजना १९८५-८६ मध्ये सुरू झाली. २०१६ मध्ये तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राज्य शासनाची रमाई आवास योजना आहे. २०१६ च्या आखणीत सपाट भागासाठी घराला १ लाख २० हजार रुपये, रोजगार हमीतून सुमारे ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयासाठी १२ हजार रुपये वेगळे, असा हिशेब धरला होता. घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचे. पैसे हप्त्याहप्त्याने थेट बँकेच्या खात्यात जमा होतात आणि पुढचा हप्ता बांधकामाचा फोटो नोंदवल्यावर मिळतो.

या नियमांतल्या तीन गोष्टी वाडीत फार थोड्यांना ठाऊक होत्या.

पहिली, घर पत्नीच्या नावे किंवा पती-पत्नी दोघांच्या नावे मंजूर करावे, असे योजनेतच लिहिलेले आहे. त्या वहिनींनी मागितले ते कुणाच्या मेहेरबानीचे नव्हते, त्यांच्या हक्काचे होते.

दुसरी, लाभार्थ्याने घर स्वतः बांधायचे आहे, ठेकेदार नेमायचा नाही. म्हणजे सर्वांनी एकाच साच्याची घरे घ्यावीत असे बंधन नाही. आपल्याकडच्या पावसात सपाट स्लॅब गळतो आणि दोन-चार वर्षांत त्यावर पत्रे टाकावे लागतात, हे आपण सारे पाहतो. आपल्या वाडवडिलांनी कारवीच्या कुडाला शेणमातीचा गिलावा केला, पण छपराला उतार ठेवला, तो काही अडाणीपणाने नव्हे. जोते उंच, छपराला उतार, पडवी एका अंगाला, एवढे सुरुवातीलाच सांगितले तर पुढचा खर्च वाचतो. घरकुलासाठी ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचे राज्याचे धोरण आहे. तेही मागून घ्यावे लागते.

तिसरी, ज्याला जागाच नाही त्याला जागा खरेदीसाठी साहाय्य देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आहे. सुरुवातीला तिच्यात ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी ५० हजारांपर्यंत मदत ठेवली होती. ५०० चौरस फूट म्हणजे अर्ध्या गुंठ्यालाही थोडे कमी. पण १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने इतका लहान तुकडा विकत घेता येत नव्हता. एका हाताने पैसे दिले आणि दुसऱ्या हाताने दार लावले, असे वर्षानुवर्षे चालले. २०२४ मध्ये घरकुलाच्या लाभार्थ्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने ही वाट मोकळी झाली. कायद्याची अडचण कमी झाली, भावाची राहिली. पुणे जवळ आल्यापासून पानशेत रस्त्याला आणि भोर रस्त्याला शनिवार-रविवारच्या बंगल्यांचे फलक लागले आहेत. जिथे शहरातला माणूस सुट्टीच्या घरासाठी दहा गुंठे घेतो, तिथे गावातल्या माणसाला राहत्या घरासाठी अर्धा गुंठा मिळत नाही.

काही जण म्हणतात, आपली जुनी वतनाची जमीन आहे, तिथे बांधू. पण त्या सातबाऱ्यावर वारसांची नावे खाली खाली वाढत गेली आहेत. कोण मुंबईला, कोण पिंपरीला, कोण हयात नाही. सर्वांची संमती कोण गोळा करणार? शिवाय वतनाच्या पुष्कळ जमिनी नवीन शर्तीच्या आहेत, तिथे परवानगीवाचून पाऊल टाकता येत नाही. आमची विनंती आहे की ज्यांच्याकडे अशी जमीन आहे त्यांनी घराची निकड लागण्याआधीच वारसनोंदी करून घ्याव्यात. गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम आपल्याच जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावातून सुरू झाले. मोजणीवाले येतात तेव्हा घरी हजर राहा. पत्रिकेवर नाव नसेल तर घर असूनही बँकेच्या दारात ते तारण म्हणून उभे राहत नाही. आमच्यातले काही जण बँकेत नोकरीला असल्यामुळे हे रोज पाहतो. तसेच पहिला हप्ता दवाखान्यात किंवा लग्नात खर्च झाला आणि जोते न झाल्यामुळे दुसरा हप्ता अडला, अशी अर्धी घरेही पाहतो. हप्त्याचा पैसा घराचाच, असा निश्चय घरातल्या बाईने केला तर तो मोडत नाही, हाही आमचा अनुभव आहे.

आता माळाच्या जागेविषयी. ती जागा सरकारी आहे एवढे पुरेसे नाही. ती गायरान असेल तर २०११ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिच्यावर बांधकाम मंजूर होणे सोपे राहिलेले नाही. २०२२ मध्ये गायरानावरील घरांना राज्यभर नोटिसा निघाल्या, तेव्हा किती कुटुंबांची झोप उडाली, हे आपण पाहिले. म्हणून आधी जागेचा प्रकार, मग वाटपाचा लेखी आदेश, मग पाया, हाच क्रम पाहिजे. शेवटी बोललेल्या त्या दोन-तीन कुटुंबांचे म्हणणे म्हणूनच आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

आणि जमीन सुरक्षित आहे का, हेही पाहिले पाहिजे. आंबेगाव तालुक्यातील माळीण ३० जुलै २०१४ रोजी डोंगराखाली गेले. १५१ माणसे मेली. आमडे येथे नवे गाव वसवले गेले, एप्रिल २०१७ मध्ये लोकांना घरे मिळाली. घरे चांगली होती, पण पहिल्याच पावसात भराव खचला, भेगा पडल्या आणि एवढे दुःख पाहिलेल्या माणसांना पुन्हा भीती वाटू लागली. आपल्या भोर तालुक्यात कोंढरी, धानवली या गावांची नावे दरडीच्या भीतीने दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात येत राहिली. उतारावरचा माळ सपाट करून घरे बांधायची तर भूगर्भ खात्याची तपासणी मागणे हा अडथळा नव्हे, शहाणपण आहे. भाटघरपासून पानशेत, वरसगाव, नीरा-देवघरपर्यंत या मुलखाने धरणांसाठी कितीतरी गावे उठवली. जागा दुसऱ्याने निवडली की काय होते, हे इथल्या म्हाताऱ्यांना पुस्तकात वाचावे लागत नाही.

मग मार्ग काय? इथे तथागतांची एक गोष्ट सांगतो. मगधाचा राजा अजातशत्रू वज्जींवर चाल करून जाणार होता. त्याच्या मंत्र्याने भगवंतांना विचारले. भगवंतांनी उत्तर म्हणून आनंदाला एकेक प्रश्न केला : वज्जी वारंवार सभा भरवतात का? एकत्र जमतात, एकत्र उठतात, एकत्र काम करतात का? वडीलधाऱ्यांचे ऐकतात का? स्त्रियांवर जबरदस्ती करीत नाहीत ना? हे चालू आहे तोवर त्यांचा ऱ्हास होणार नाही, असे भगवंतांनी सांगितले. अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेली ही ग्रामसभेचीच लक्षणे होत.

घरकुलाच्या यादीला मान्यता देण्याचे काम ग्रामसभेचे आहे. तिच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. पण आपली माणसे ग्रामसभेला जात नाहीत, आणि गेली तर मागे उभी राहतात. सही होते, ठराव नंतर लिहिला जातो. या वेळी तसे होऊ नये म्हणून वाडीतल्या लोकांशी बोलून आम्ही पाच मागण्या लिहून काढल्या आहेत. ज्यांना जुन्या जागी राहायचे आहे त्यांना तिथेच घर द्यावे आणि ओढ्यावर साकव बांधावा. ज्यांना रस्त्याकडे जायचे आहे त्यांच्या जागेचा आदेश आधी द्यावा. नवी वसाहत एकट्या आपल्या समाजाची नसावी, गावातल्या सर्व जातींच्या बेघरांची असावी. घर बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे असावे. पाणी, वीज आणि रस्ता घरांच्या आधी यावा.

तिसऱ्या मागणीवर वाडीतच वाद झाला. "त्यांच्यात राहून पुन्हा टोमणे ऐकायचे का?" असे एकाने विचारले. त्याचा प्रश्न अनुभवातून आला आहे, त्याला खोडून काढण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण वेल्ह्याच्या डोंगरात आपल्यापेक्षाही वाईट दशेत राहणारी कातकरी कुटुंबे आहेत. त्यांच्यासाठी २०२३ च्या अखेरीस केंद्राने पीएम-जनमन योजनेत घरासाठी २ लाख रुपये ठरवले, तरी पुष्कळांकडे जातीचा दाखला नाही, जागा नाही. मराठा, धनगर, कोळी समाजातही भूमिहीन आहेत. हे सारे एका ओळीत आले तर पंचायतीला ती ओळ कडेला टाकता येणार नाही. नळ एक, रस्ता एक, दिव्याचा खांब एक. आपल्या भोरवरून वरंधा घाट उतरला की महाड आहे. १९२७ साली चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाणी घेतले ते वेगळी विहीर मिळावी म्हणून नव्हे. सार्वजनिक ते सर्वांचे, हा हक्क बजावण्यासाठी त्यांनी ते घेतले.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी काम आहे. सुट्टीत गावी जाल तेव्हा टेप घेऊन आपली वाडी मोजा, नकाशा काढा. आजोबांच्या नावाचा सातबारा आणि आठ-अ काढून वाचून दाखवा. ग्रामसभेचे इतिवृत्त मागा आणि आपल्या माणसांनी जे म्हटले ते त्यात उतरले आहे का, पाहा. २६९ चौरस फुटांत अभ्यासाचा कोपरा कुठे बसेल, हे आईशी बोलून ठरवा. घर बांधल्यावर कोपरा सापडत नाही.

अनाथपिंडिकाने भगवंतांसाठी विहार बांधला, ही कथा आपण नेहमी ऐकतो. पण त्याने आधी जेत राजपुत्राकडून जागा मिळवली, सोन्याच्या नाण्यांनी जमीन झाकून मिळवली, आणि मगच विहार उभा राहिला. आपल्याकडे सोने नाही. आपल्याकडे मत आहे, सही आहे आणि एकी आहे. तीन रविवार आम्ही जी माणसे ऐकली, त्यांच्यापैकी कुणीही दान मागत नव्हते. कुठे राहायचे हे आम्हाला विचारा, एवढेच ती म्हणत होती. येत्या ग्रामसभेला त्यांनी पुढच्या रांगेत बसावे आणि संस्थेने त्यांच्या पाठीशी उभे राहावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जयभीम! जय भारत!